तट्टावरून चिखलदऱ्याला

अकोल्यात येऊन मला दीड वर्ष झालं होतं, आणि त्या दीड वर्षात मी एकही चढ चढले नव्हते.

माझं माहेर कोकणातलं, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. तिथे पाणी आणायचं तरी चढ, देवळात जायचं तरी उतार. लग्न होऊन पुण्याजवळच्या सासरी आले, ते घर माणसांनी भरलेलं. पाच वर्षांत यांच्याशी माझं दिवसाउजेडी बोलणं झालं असेल ते पाण्याचा तांब्या देता-घेताना. मग यांना तारेच्या कचेरीत काम मिळालं आणि आगगाडी वऱ्हाडात पोचली तशी यांना अकोल्याला पाठवलं. आमच्याकडच्या लोकांना वऱ्हाड म्हणजे परदेशच. निजामाचा मुलूख, बोली निराळी, पाणी निराळं. पोराच्या जेवणाचे हाल होतील म्हणून सासूबाईंनी मला सोबत धाडलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

ते कापसाचे दिवस होते. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडातल्या कुणब्याचा कापूस सोन्याच्या मोलानं गेला. लढाई थांबली, भाव खाली आले, तरी लोकांच्या अंगातली ती नशा उतरली नव्हती. हंगामात स्टेशनाबाहेर गाठींचे डोंगर उभे राहत. डोंगर म्हणायचे तर तेवढेच. हवेत कापसाचे तंतू उडत, ते पापण्यांवर बसत. मुंबईचा भाव काय आला म्हणून दलाल आमच्या दाराशी येऊन बसत, आणि हे रात्री दमून झोपले तरी यांचं बोट चटईवर टकटक करत राही.

पावसाळ्यात मात्र सारं निवांत. श्रावणातल्या एका दुपारी पाऊस उघडला म्हणून मी धाब्यावर, घराच्या मातीच्या सपाट छपरावर गेले. आकाश धुऊन निघालं होतं. उत्तरेला पार टोकाशी एक निळी रेघ दिसली. संध्याकाळी पाहिली तरी ती तिथेच. हे घरी आले तसं मी म्हटलं, "तिकडचा तो ढग दुपारपासून हललेला नाही."

हे वर आले, डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "ढग कुठला? सातपुडा तो."

"म्हणजे डोंगर? इथे डोंगर आहे आणि दीड वर्षात तुम्ही मला सांगितलं नाही?"

नवऱ्याशी असं बोलायची रीत नव्हती. माझीच जीभ मी चावली. पण हे रागावले नाहीत. उलट मला पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं पाहत राहिले.

पुढचे चार दिवस मी रोज धाब्यावर जात होते. पाचव्या दिवशी हे जेवताना म्हणाले, "चौकशी केली मी. वर चिखलदरा म्हणून जागा आहे. साहेबलोक उन्हाळ्यात जातात हवा खायला."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात कोण जाणार? नुसता पाऊस आणि धुकं."

"मग आपण जाऊ," मी म्हटलं.

यांचा घास हातातच राहिला. नवरा-बायकोनं दोघांनीच, कुठल्या लग्नाला नाही, तीर्थाला नाही, निव्वळ पावसातला डोंगर बघायला जायचं, असं आमच्या सात पिढ्यांत कोणी केलं नसेल. पण तिथे बघायला होतं कोण? सासूबाई दोनशे कोसांवर. हे म्हणाले, "आठ दिवसांची रजा मागून बघतो." तेवढ्यानंच मी गाठोडं बांधायला घेतलं.

रजा मिळाली. आगगाडीनं बडनेऱ्यापर्यंत जायचं, तिथून अमरावती, आणि अमरावतीहून दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी करून अचलपूरमार्गे डोंगराच्या पायथ्याला, असा बेत ठरला. अकोल्याला येताना मी गाडीत बसले होते, पण तेव्हा दीर सोबत होते. पदराआडून मला फक्त समोरच्या माणसाचे जोडे दिसले होते. या खेपेला यांनी स्वतः मला खिडकीशी बसवलं. काळी रानं, त्यांत गुडघाभर कपाशी, मधेच फुगलेला नाला, आणि पाऊस तिरपा आत येतोय. मी भिजत होते आणि खिडकी लावू देत नव्हते. हे रुळांच्या कडेनं पळणारी तारायंत्राची तार दाखवत होते. "बघ, आता कोणीतरी अकोल्याशी बोलत असेल, आपल्या डोक्याशेजारून शब्द चाललेत." मी विचारलं, "काय बोलत असतील?" तर म्हणाले, "माझ्या जागी बसलेला विचारत असेल, हा गेला कुठं?"

अमरावतीला पोचलो आणि बेत तिथेच अडला. दुसऱ्या दिवशी पोळा होता. आम्हां दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. जिकडे पाहावं तिकडे बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळणं चाललेलं. यांनी तीन-चार गाडीवाल्यांना विचारलं. एकानं तर हातच जोडले. "बाबूसाहेब, उद्या बैलाच्या खांद्यावर जू ठेवलं त मेलेला बाप वरून खाली येईन माह्या!"

आम्ही धर्मशाळेच्या ओट्यावर बसलो. हे म्हणाले, "दोन दिवस गेले तर रजा पुरायची नाही. परत जावं लागेल." माझा चेहरा पडला असावा. शेजारी एक म्हातारे मुसलमान गृहस्थ हुक्का ओढत बसले होते, मेंदी लावलेली दाढी, डोक्याला हिरवा रुमाल. ते ऐकत होते. तट्टांचा व्यापार करायचे ते. हंगामात कापसाचे दलाल त्यांच्या तट्टांवरून गावोगाव हिंडत. पावसाळ्यात तट्टं नुसती खाऊन माजत.

"बाबूजी," ते म्हणाले, "उद्या बैलायची ईद हाय. घोड्यायची थोडीच हाय?"

हे हसले. "पण मला जेमतेम बसता येतं. आणि हिला..."

"मी बसेन," मी म्हटलं.

म्हातारबाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कासोटा घट्ट मारलेला, उभं राहणं ताठ. "बाईसाहेबायले येते बसता," ते म्हणाले. "मलेबी उद्या अचलपूरले घरीच जायचं हाय. संगंच जाऊ."

सकाळी उजाडताना रिमझिम सुरू होती. मला जी घोडी दिली ती बुटकी, पोट सुटलेली, कानाशी पांढरा डाग. म्हातारबाबांनी दोन्ही हातांचा झोला करून दिला, मी त्यात पाय ठेवला आणि वर गेले, ती सरळ पलीकडच्या बाजूनं खाली चिखलात. हे धावत आले. मी तोवर उठून उभी राहिले होते, तोंडावर चिखल, आणि हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या वेळी बसले ते बसलेच.

पहिला कोसभर मी खोगिराला दोन्ही हातांनी चिकटून होते. म्हातारबाबा शेजारून शिकवत होते. "लगाम असा नका वढू, तिच्या तोंडाले लागते. गुडघ्यानं धरा. आता सोडा तिले, तिची ती चालते." हळूहळू घोडीचं चालणं माझ्या अंगात आलं. जमिनीपासून दोन हात वर बसून कपाशीच्या शेंड्यांवरून पाहत जायचं, कोणी हाकणारा नाही, कोणाच्या मागे चालायचं नाही, थांबवावं तेव्हा घोडी थांबते. मी टाच मारून बघितली. ती दुडकी धावायला लागली आणि यांच्या तट्टाला मागे टाकून पुढे गेली. मागून हे ओरडले, "अगं, जपून!" मी थांबले नाही.

दुपारी पूर्णेच्या काठी आलो आणि थांबावं लागलं. नदी गढूळ, दोन्ही थड्यांना लागलेली, वरून झाडाच्या फांद्या वाहून येत होत्या. पलीकडे जायला उतार मिळेना. काठावरच्या गावात पोळ्याची धामधूम होती. म्हातारबाबांच्या ओळखीचं एक कुणब्याचं घर होतं, तिथे उतरलो. त्या घराची मालकीण चाळिशीची, उंचनिंच, नाकात एवढी मोठी नथ. अंगणात त्यांची बैलजोडी सजून उभी होती. शिंगांना चांदीची टोपणं, गळ्यात चांदीच्या साखळ्या, पाठीवर भरजरी झूल. माझ्या स्वतःच्या अंगावर एवढं काही नव्हतं.

तिनं मला चुलीजवळ बसवलं, कोरडं लुगडं दिलं आणि विचारलं, "कावून निंगाले वो बाई एवढ्या पान्यात? कोनी बिमार हाय का?"

"नाही हो. डोंगर बघायला चाललो."

"पहाड पाहाले?" ती पोळी लाटायची थांबली. "पहाडावर का हाय पाहाले?"

मी हात शेकत म्हटलं, "आमच्या गावाला डोंगर आहेत. इथे आल्यापासून डोंगर पाहिला नाही."

"म्हंजे मायेरची याद येऊन रायली तुले," ती म्हणाली, आणि उठून माझ्या पानात पुरणपोळी वाढली, वर वाटीभर तूप ओतलं. मी ब्राह्मणाची सून, परक्या घरची पोळी खायची नाही, हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक असणार. एका क्षणापुरता तिचा हात थबकला. मी पोळी मोडून तोंडात घातली. ती हसली आणि दुसरी वाढली. बाहेर ओसरीवर यांनी काय केलं ते मी विचारलं नाही. पण संध्याकाळी यांच्या मिशीला तूप दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं. तरी तट्टांच्या पोटाला लागेल एवढं होतंच. काठावर उभं राहून हे नदीकडे बघत होते, ओठ पांढरे पडले होते. माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "मला पोहता येत नाही."

"मला येतं," मी म्हटलं.

यांनी चमकून पाहिलं. लग्नाला साडेसहा वर्षं झाली होती आणि ही गोष्ट यांना माहीत नव्हती, यांची मला नव्हती. म्हातारबाबा पुढे, मधे हे, आणि यांच्या तट्टाचा लगाम एका हातात धरून प्रवाहाच्या खालच्या अंगानं मी. मध्यावर यांचं तट्ट बिथरलं, पाय टाकेना. मी लगाम ओढून धरला, माझ्या माहेरी बैलाला हाकतात तशी आरोळी ठोकली. सासरच्या घरात मी कधी मोठ्यानं खोकलेही नव्हते. तट्ट मुकाट्यानं चालायला लागलं. पलीकडे पोचल्यावर हे खाली उतरले. म्हातारबाबा यांना म्हणाले, "बाबूजी, तार तुमी चालवा. तट्ट बाईसाहेबायले चालवू द्या."

अचलपूरला त्यांचा निरोप घेतला. दोन्ही तट्टं त्यांनी आमच्याजवळ राहू दिली. "वरती गवळ्यायची वस्ती हाय, माझं नाव सांगा," म्हणाले. रात्र परतवाड्याला काढली आणि चौथ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच घाटाला लागलो.

तो चढ मी अजून विसरलेले नाही. सागाची ओली पानं, प्रत्येक पान सुपाएवढं, त्यांवर पावसाचा असा आवाज की शेजारचं बोलणं ऐकू येऊ नये. वाटेतून पाणी वाहत होतं. ओल्या मातीचा, शेवाळ्याचा, कुजलेल्या पानांचा तो वास आला आणि मला रडूच कोसळलं. हे घाबरले. "काय झालं? दुखतंय कुठं?" मी नुसती मान हलवत होते आणि रडत रडत हसत होते. मग तट्टावरून उतरले, वहाणा काढून खोगिराला बांधल्या आणि अनवाणी चढायला लागले. पायांना सगळं ठाऊक होतं, कुठल्या दगडावर पाय टाकायचा, कुठला निसटेल. हे सपाटीवरचे; दर दहा पावलांना घसरत होते. एका वळणावर उजवीकडे दरी उघडली आणि पलीकडच्या कड्यावरून पाण्याच्या पाच-सहा धारा खाली पडताना दिसल्या. "ते बघा, ते बघा!" मी यांचा हात धरून ओढला. हात धरला आहे हे नंतर कळलं. मग सोडला नाही.

माथ्याजवळ एक मोकळं पठार लागलं. तिथे वाट दोन्हीकडे फुटली होती. हे म्हणाले, "तू इथे तट्टांजवळ थांब. वस्ती कुठल्या अंगाला आहे ते मी पुढे जाऊन बघतो." हे शंभर पावलं गेले असतील, तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. असं आलं की माझ्याच घोडीचं तोंड मला दिसेना.

मी थांबले. बराच वेळ झाला. दरी डाव्या हाताला जवळच होती, आणि यांना डोंगराची काही सवय नाही. मी हाक मारली, "अहो!" काही उत्तर नाही. पुन्हा मारली, "अहो, ऐकलंत का?" धुक्यात माझाच आवाज ओल्या कापसात दाबल्यासारखा वाटला. मग लांबून काहीतरी ऐकू आलं. "अगं!" असावं. पण कोणत्या बाजूनं ते कळेना, आणि तो आवाज दरीच्या बाजूला सरकतोय असं वाटलं.

नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेही पुटपुटत. पण "अहो" काय, जगात सगळेच अहो. मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छातीत होता नव्हता तो सगळा दम लावून यांचं नाव घेऊन हाक मारली. नुसतं नाव, पुढे राव नाही, पंत नाही.

धुकं जणू फाटलं. समोरच्या कड्यानं ते नाव परत दिलं, मग त्याच्या मागच्या कड्यानं, मग आणखी कुठून तरी खोलातून. माझ्या अंगावर काटा आला. मी पुन्हा मारली, पुन्हा मारली. भीती होती, पण खरं सांगते, दुसरंही काही होतं. मला तो आवाज आवडला होता. मी हाका मारत राहिले आणि त्या धरून हे आले. आधी पावलं ऐकू आली, मग धुक्यातून ओले, चिखलानं माखलेले, धापा टाकणारे हे.

"दरीच्या काठाशी होतो मी," हे म्हणाले. "कडा येतोय ते दिसलंच नाही. तू नाव घेतलंस म्हणून थबकलो. मला वाटलं, मला कोण नावानं हाक मारतंय? आई तर इथे नाही." आणि मटकन खाली बसले. मीही बसले. थोड्या वेळानं हे म्हणाले, "आणखी एकदा घे."

मी लाजून मान हलवली. पण घेतलं. हळू आवाजात, यांच्या कानाशी. ते नाव मी इथेही लिहीत नाही.

गवळ्यांची वस्ती मागेच, दुसऱ्या फाट्यावर होती. म्हशींच्या गळ्यातल्या घंटा ऐकून सापडली. म्हातारबाबांचं नाव सांगताच तिथल्या एका म्हातारीनं झोपडीत जागा करून दिली, शेणी पेटवून आमचे कपडे वाळत घातले आणि ऊन ऊन दूध दिलं, वर बोटभर जाडीची साय. तिला विचारलं, पाऊस कधी उघडेल? ती म्हणाली, "त्याच्या मनात आलं म्हणजे."

त्याच्या मनात दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. आम्ही कड्यावर गेलो. ढग खाली उतरले होते आणि त्यांच्या फटींतून सगळा वऱ्हाड दिसत होता. मी दीड वर्ष ज्या सपाट मुलखाला कंटाळले होते तो वरून असा दिसेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. काळा, हिरवा, पुन्हा काळा, त्यावर ढगांच्या सावल्या पळताहेत, ओढे चकाकताहेत, आणि जिकडे ऊन पडेल तिकडची कपाशी एकदम उजळतेय. हे बोट करून सांगत होते, "ते अचलपूर असेल. ती पूर्णा. आणि तिथे, ढगाखाली, अमरावती." बरोबर होतं की चूक कोण जाणे. आम्ही तिथे ऊन जाईपर्यंत बसलो. त्या दिवशी आम्ही जितकं बोललो तितकं आधीच्या साडेसहा वर्षांत मिळून बोललो नव्हतो. यांना लहानपणी नदीत बुडताना काढलं होतं ते यांनी सांगितलं. मी माझ्या आईबद्दल बोलले. मग मी म्हटलं, मला लिहायला शिकवाल का? हे म्हणाले, "अकोल्याला पोचलो की त्याच दिवशी." आणि शिकवलं. म्हणून तर हे लिहिते आहे.

परतीला पूर्णा आडवी आली नाही. अचलपूरला म्हातारबाबांच्या अंगणात तट्टं बांधली, तेव्हा माझी घोडी माझ्या खांद्यावर तोंड घासत होती. अमरावतीपर्यंत दमणी मिळाली आणि आठव्या दिवशी सकाळी आम्ही बडनेऱ्याला गाडीत चढलो.

गाडीला गर्दी नव्हती, बाकं रिकामी होती. पण इतके दिवस खोगिरावर काढलेले, मला बसवेना. मी खिडकीशी उभी राहिले. बघते तर हेही उभेच. समोर एक म्हातारे शेतकरी जोडपं बसलं होतं. त्यांतले आजोबा म्हणाले, "बसा नं बाबूजी, जागा हाय." हे म्हणाले, "असू द्या." म्हातारी मला म्हणाली, "तू तरी बस वो माय." मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्हां दोघांनाही हसू फुटलं. त्या दोघांना काही कळेना. खिडकीतून पाऊस आत येत होता, आणि आम्ही अकोल्यापर्यंत तसेच उभे राहिलो.